लाल क्लिपचा डाग

मित्रांनो, मी एक जुने पुठ्ठ्याचे कार्ड आहे. तळहाताहून थोडे मोठे, एका कोपऱ्यावर कॉफीचा ओघळ आणि माथ्यावर गंजाचा बारीक डाग. तो डाग जावा असे एके काळी मला फार वाटे. आता वाटत नाही. का, तेच सांगते.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या डॉफिन गावी, लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, बर्फावरच्या हॉकीच्या एका छोट्या व्यावसायिक लीगची कचेरी होती. तिथल्या लाकडी खणात आम्ही कार्डे उभी असायचो, प्रत्येक खेळाडूमागे एक. कुणी प्रतिस्पर्ध्याला धोकादायक रीतीने आदळले किंवा स्टिक मारली, की चौकशी व्हायची आणि निकाल आमच्या अंगावर लिहिला जायचा. तारीख, गुन्हा, किती सामने बाहेर.

लिहिणारे होते ओरेस्ट हावरिलक. आधी तीस वर्षे पंच, मग लीगचे शिस्तप्रमुख. त्यांचे अक्षर उभे आणि दाबून काढलेले होते. माझ्या पाठीवर बोट फिरवले तर ते हाताला लागायचे.

माझ्या वाट्याला नाव आले क्लोव्हिस आर्सनो. शेजारची कार्डे वर्षानुवर्षे कोरी राहिली. मी पहिल्याच हंगामात दोन ओळी भरले.

"काय रे आर्सनो, पुन्हा तू?" साहेब म्हणायचे. "तुझ्या नावाची खुर्चीच ठेवू का इथे?"

"ठेवा साहेब, पण गादीवाली ठेवा," क्लोव्हिस म्हणायचा. "या लाकडी खुर्चीवर बसणं हीच निम्मी शिक्षा आहे."

साहेबांना हसू यायचे. ते हसू दाबून ते शिक्षा मात्र पुरी लिहायचे.

तिसऱ्या शिक्षेला त्यांनी माझ्या माथ्यावर एक लाल क्लिप लावली. मित्रांनो, त्या क्लिपचा अर्थ होता 'वारंवार चुकणारा'. क्लिप असली की मागच्या चुकांचे वजन नव्या चुकीत मिसळायचे आणि शिक्षा वाढायची. शिवाय साहेबांचा एक नियम होता. प्रसंग संशयाचा असेल, तर संशयाचा फायदा बिनक्लिपवाल्याला मिळायचा, क्लिपवाल्याला नाही. पण शेवटच्या गुन्ह्यानंतर अठरा महिने नवी शिक्षा झाली नाही, तर क्लिप निघायची. कार्ड मात्र कधी फाडले जात नसे.

"घडलं ते घडलं," साहेब म्हणायचे. "पण माणसाला आयुष्यभर त्याच तराजूत बसवून ठेवायचं नाही."

चौथी शिक्षा एका जानेवारीत झाली. त्यानंतर क्लोव्हिस बदलला. त्याला मुलगी झाली होती, आणि गुडघाही कुरकुरत होता. कारण काहीही असो, माझ्यावर नवी ओळ पडेना. तेरा महिने झाले. मी अठरा पुरे व्हायची वाट पाहू लागले.

आणि त्या फेब्रुवारीत पाचवी ओळ पडली. गोलसमोरच्या झोंबाझोंबीत कुणाच्या तरी स्टिकने समोरच्याचे तोंड फुटले. पंचांनी क्लोव्हिसचे नाव दिले.

"मी नव्हतो साहेब. आईशप्पथ."

"मागच्या चार वेळांपैकी दोनदा तू हेच म्हणाला होतास."

सहा सामने. क्लोव्हिसने ते मुकाट्याने भोगले. माझी पुढची बाजू तळापर्यंत भरली.

जूनमध्ये हंगाम संपल्यावर साहेबांच्या हाती त्याच सामन्याची दुसऱ्या बाजूने घेतलेली चित्रफीत आली. त्यांनी ती नऊ वेळा पाहिली. स्टिक क्लोव्हिसची नव्हती, त्याच्याच संघातल्या दुसऱ्याची होती. साहेबांनी तेव्हाच फोन उचलला.

"आर्सनो, मी चुकलो. ते सहा सामने मला परत देता येत नाहीत."

पलीकडचे बोलणे मला ऐकू आले नाही. मग साहेब म्हणाले, "नाही, तसं कसं सोडून देऊ? निदान इतिहास तरी खोटा राहायला नको."

पुढे जागा नव्हती, म्हणून त्यांनी मला उलटे केले आणि पाठीवर लिहिले. शिक्षा भोगून झाली होती, त्यामुळे कुणाला पत्र पाठवायचे त्यांच्या मनातही आले नाही. जे होते ते सगळे माझ्या पाठीवरच राहिले. जुलैत, चौथ्या शिक्षेला अठरा महिने झाल्यावर, त्यांनी क्लिप काढली. खाली गंजाचा डाग उमटला होता. त्यांनी तो अंगठ्याने चोळला, पण तो गेला नाही.

मित्रांनो, पुढच्या हिवाळ्यात कचेरीत संगणक आला. आमच्या पुढच्या बाजू त्यात उतरवून घेतल्या गेल्या. मला कुणी उलटून पाहिले नाही. साहेब तेव्हा इस्पितळात होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. खण रिकामा करायचा म्हणून आम्हाला त्यांच्या थर्मास आणि शिट्टीसोबत एका खोक्यात भरले आणि ते खोके त्यांच्या मुलीच्या, दारियाच्या, घरी पोचवले.

दारिया संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर एकेक कार्ड काढायची. त्यातल्या बहुतेक खेळाडूंची तिला ओळखही नव्हती. ती अक्षर वाचत होती. एकदा पियेरोगीच्या करंज्या उकळायला टाकून ती वाचतच राहिली आणि पातेले उतू गेले.

एप्रिलमध्ये अंतिम फेरीचा सहावा सामना झाला. दुसऱ्या सकाळी रेडिओवर बातमी लागली. क्लोव्हिस आर्सनोच्या धडकेने प्रतिस्पर्धी पडला होता. त्याने स्वतःच ऐन वेळी पाठ फिरवली की क्लोव्हिसने मुद्दाम मागून धडक दिली, हे चित्रफितीवरून ठरत नव्हते. चौकशी आज दुपारी होती. सातवा, शेवटचा सामना उद्या. आर्सनो छत्तीस वर्षांचा आहे, निवेदक म्हणाला, आता बाहेर बसला तर कायमचा बसला. चौदा महिन्यांपूर्वीचीच शिक्षा नावावर असल्यामुळे त्याची सुटका अवघड आहे.

दारियाने हातातले काम टाकले. माझी पाठ तिने दोनच दिवसांपूर्वी वाचली होती. तिने मला पाकिटात घातले, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि ती निघाली.

कचेरीत नवे शिस्तप्रमुख हॅल्डोरसन बसले होते. समोर त्याच लाकडी खुर्चीवर क्लोव्हिस.

"ती शिक्षा हावरिलकसाहेबांनी रद्द केली होती," तो सांगत होता. "स्वतः फोन केला होता मला."

"गेलेल्या माणसाची साक्ष काढणं सोपं असतं, आर्सनो. कागद दाखव."

"कागद मी आणलाय," दारात उभी राहून दारिया म्हणाली. "मी त्यांची मुलगी."

हॅल्डोरसननी मला हातात घेतले. पाच ओळी वाचल्या. मग माथ्यावर बोट ठेवले. "हा बघा गंज. क्लिप होतीच. कुठेतरी गळून पडलेली दिसते."

"पडली नाही, काढली," दारिया म्हणाली. "उलटं करा."

त्यांनी मला उलटे केले. मग त्यांनी मोठ्याने वाचले : "पाचवी शिक्षा रद्द. चूक माझी, खेळाडूची नाही. पुढे जो कोणी हे कार्ड वाचेल त्याने ही ओळ मोजू नये. ओ. हावरिलक." आणि त्याखाली : "अठरा महिने पूर्ण. क्लिप आज मी स्वतः काढली. डाग राहिला, त्याला इलाज नाही. शाबास, आर्सनो."

क्लोव्हिसने टोपी काढली. हे 'शाबास' त्याने कधी ऐकलेच नव्हते. फोनवर साहेबांनी ते सांगितले नव्हते.

हॅल्डोरसननी मला पाठ वर करून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे क्लिप नाही. आणि क्लिप नसेल तर संशयाचा फायदा..." त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. "उद्या खेळ. आणि जपून, बाबा."

"साहेब, ही खुर्ची तेवढी बदला," क्लोव्हिस म्हणाला आणि त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

दारियाने मला परत खिशात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी मी तिथूनच तो सामना ऐकला. दोन हजार माणसे लाकडी बाकांवर पाय आपटत होती आणि छप्पर थरथरत होते. क्लोव्हिसने गोल केला नाही. पण शेवटच्या मिनिटाला गोलकडे येणारी चकती, म्हणजे या खेळातला चेंडूच, त्याने आपल्या अंगावर झेलली, आणि त्याचा संघ एका गोलने जिंकला. बर्फावरून चषक फिरू लागला तेव्हा दारियाने मला बाहेर काढले. तो क्लोव्हिसच्या हातात आला तेव्हा त्याने तो डोक्यावर धरला आणि सरळ दारिया बसली होती त्या बाजूला वळला. ती उभी राहिली. मार्चनंतर पहिल्यांदाच ती मोठ्याने ओरडली.

आता मी कचेरीच्या भिंतीवर काचेत आहे. मला उलटे लावले आहे, पाठ पुढे करून. कारण नव्या लोकांनी आधी तेच वाचावे असे हॅल्डोरसनना वाटते. संगणकातही आता रद्द झालेल्या शिक्षांचा रकाना आहे.

मित्रांनो, माझ्यावर लिहिलेल्या चार चुका खऱ्या आहेत आणि त्या मी लपवत नाही, म्हणून तो डागही आता जावा असे वाटत नाही. उद्या तुम्हीही कुणाच्या तरी चुका मोजायला बसाल. जरूर मोजा. पण त्याआधी कार्ड एकदा उलटून पाहा. आणि मोजताना तुमचीच चूक झाली, तर ती शाईने, दाबून, सही करून लिहा. तुम्ही नसाल तेव्हाही ती कुणाला तरी खेळू देईल.