पुरं वाक्य

लेकीने छोट्या फळ्यावर इंग्रजीत ‘टु गो’ लिहिलं, त्याखाली ‘गोइंग’, आणि फळा वडिलांच्या मांडीवर टेकवला.

“बाबा, यातलं पूर्ण क्रियापद कुठलं?”

बाबांनी डाव्या हाताने दोन्ही शब्द पुसून टाकले.

तिला हसू आलं. बरोबरच होतं. जन्मभर शाळेत त्यांनी हेच घोकून घेतलं होतं: कर्ता आणि काळ पाहून जे बदलतं, तेच क्रियापद वाक्य तोलून धरतं, बाकीच्यांची नुसती लुडबूड. त्यावर आई म्हणायची, “तुमच्या व्याकरणावर चूल पेटत नाही.”

अर्धांगाचा झटका आल्यापासून मात्र त्यांच्या तोंडून एकही वाक्य पुरं झालं नव्हतं. इंग्रजी राहू द्या, मराठीतही तीच गत. “पाणी पिणे.” “खिडकी उघडणे.” कोणी, कधी, काही नाही. त्यांना येत होतं तेच त्यांना शिकवा, असं बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी सुचवलं होतं. म्हणून हा वर्ग.

ते दवाखान्यात असतानाच आई गेली, झोपेतल्या झोपेत. एवढ्यात सांगू नका, सोसवणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून “आई मावशीकडे आहे” हे लेकीच्या अंगवळणी पडलं होतं.

तिने नवं वाक्य लिहिलं. आधी ‘मदर’, शेवटी ‘टुमॉरो’, मध्ये मोकळी जागा.

“‘येणे’ धरून भरा बघू.”

तिने दिलेला खडू धरून बाबा त्या जागेकडे पाहत राहिले. मग त्यांनी खडू खाली ठेवला.

“आई,” ते मराठीत म्हणाले. ओठ जुळायला वेळ लागला. “आई गेली.”

महिनाभरातलं पहिलं पुरं वाक्य. पण शाबासकी न देता तिने घाईने फळा पुसला.

“हो, मावशीकडे गेलीय ना.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “मावशी येणे. इथे. रडणे.”

मागच्या आठवड्यात ती कामावर असताना मावशी भेटून गेली होती. ‘नुसती बसले गं, काही बोलले नाही,’ असं मावशीने सांगितलं होतं.

“मग इतके दिवस गप्प का राहिलात, बाबा?”

“तू…” पुढचं काही केल्या जुळेना. त्यांचा डावा हात तिच्या केसांवर येऊन थांबला.

तिने त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. महिनाभर कोरडे राहिलेले डोळे आता आवरेनात.

“रडणे,” बाबा हलकेच म्हणाले. जरा थांबून पुन्हा, “रडणे.”

तिने दुरुस्त केलं नाही.