फळीची चिठ्ठी

सत्यशीला गेल्याचं मला सकाळी पावणेदहाला कळलं. तेव्हा मी अंबाजोगाईला एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होतो. आमच्या टीमची रोज साडेनऊला बोर्डासमोर उभ्यानं बैठक व्हायची. पंधरा मिनिटं. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. माझी पाळी होती. काल वजनकाट्याची चौकट वेल्ड केली, आज हुक बसवणार, इथपर्यंत बोललो आणि खिशातला फोन वाजला. बैठकीत फोन घ्यायचा नाही असा नियम होता. मी तो बंद केला आणि म्हणालो, "अडचण काही नाही."

बैठक संपल्यावर बाहेर येऊन पाहिलं तर हनुमानचे सहा फोन येऊन गेलेले. हनुमान म्हणजे सत्यशीलाचा धाकटा भाऊ. ती त्याच्या टोळीसोबत सांगलीकडं ऊसतोडीला गेली होती.

"दाजी, ताई फळीवरून पडली."

"लई लागलं का?"

तो म्हणाला, "तुमी निघा. आता दवाखान्याचं काम राह्यलं न्हाई."

मी आणि सत्यशीलानं सतरा हंगाम ऊस तोडला. आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम नाव लिहितो ते नवऱ्याचं. बोलणी करायची ती नवऱ्यानं. कुठल्या कारखान्यावर जायचं, कधी निघायचं, सगळं नवरा सांगणार आणि बायको भांडी बांधणार. बाईला वेगळं कुणी विचारत नाही. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. हंगाम संपला की मी परळीत, वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्या दुरुस्त होतात तिथं, वेल्डिंग करायचो. ती गावात खुरपायला जायची.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजात ऊसतोड कामगारांसाठी नवी अवजारं करायची टीम निघाली. शिवशंकर सर तिचं बघायचे. ते आधी पुण्याला कंपनीत होते आणि तिथली पद्धत त्यांनी इथं आणली. तिला स्क्रम म्हणतात. कामाची एक यादी असते. तिच्यातलं थोडं काम घ्यायचं, ते दोन आठवड्यांत पुरं करायचं, करून दाखवायचं, मग पुढचं घ्यायचं. त्या दोन आठवड्यांना सर स्प्रिंट म्हणायचे. सत्यशीला पंधरवडा म्हणायची. मग सगळेच तसं म्हणायला लागले.

या पद्धतीत कुणी साहेब नसतो. यादीत वर काय, खाली काय, हे एकाच माणसानं ठरवायचं. तो कामाचा मालक. काम कसं करायचं ते टीम ठरवते. आणि एक जण स्क्रम मास्टर. त्यानं फक्त नियम पाळले जातात का ते बघायचं आणि अडचणी काढायच्या. ते सर स्वतः होते. टीममध्ये उज्ज्वला नावाची इंजिनियर मुलगी चित्रं आणि मापं काढायची. मी वेल्डर. मालक कोण, असं निघालं तेव्हा सर म्हणाले, "ज्या बाईच्या डोक्यावर ओझं आहे, तीच मालक." आणि सत्यशीलाचं नाव बोर्डावर लिहिलं.

ती घरी येऊन म्हणाली, "जन्मात पयल्यांदा मालकीण झाले. ते बी बोर्डावर."

ती चौथी शिकलेली. बोर्डावर लावायच्या कामांच्या चिठ्ठ्या तिनं स्वतःच्या हातानं लिहिल्या. पहिली चिठ्ठी, फळी. दुसरी, चुंबळ. तिसरी, कोयत्याची मूठ. प्रत्येकीवर एवढा एकच शब्द.

ट्रक भरताना एक लाकडी फळी जमिनीवरून ट्रकच्या कडेला तिरपी लावतात. पाऊल मावेल एवढीच रुंद. चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन बाई त्या फळीनं वर चढते. दव पडलं की फळी निसरडी होते. वरचं टोक हलतं. सत्यशीलाचं म्हणणं साधं होतं. वरच्या टोकाला पकड द्या आणि फळीवर आडव्या पट्ट्या मारा.

पहिल्या पंधरवड्याला चुंबळ, म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची गुंडाळी, घेतली. सर म्हणाले सोपं काहीतरी करून हात बसू द्या. ती हो म्हणाली. चुंबळ चांगली झाली. मग फळीची पाळी आली, तेव्हा सर म्हणाले, "ताई, पुण्याहून पैसे देणारी मंडळी येतायत. त्यांना काटा बघायचाय. मोळीचं वजन होईल आणि लगेच मोबाइलवर दिसेल. फळी पुढच्या वेळी घेतली तर?"

"काटा कशापायी?" सत्यशीला म्हणाली. "वजन आमच्या मानंला कळतंय की."

उज्ज्वला हसली. सरही हसले. मग सरांनी माझ्याकडं बघितलं. "रामकिसनभाऊ, तुमचं काय?"

यादीबद्दल मला कुणी विचारायलाच नको होतं. हा नियम सरांनीच शिकवला होता आणि तो पाळला जातो का हे बघायचं कामही त्यांचंच होतं. पण त्यांना त्यात काही वाटलं नाही. मलाही नाही. मी म्हणालो, "घ्या काटा. तिचं काय न्हाई."

फळीची चिठ्ठी तिनंच काढली आणि खाली लावली.

घरी येताना जीपमध्ये ती म्हणाली, "मालकीण मी का तुमी?"

"आगं, कोयता एकच हाय आपला."

"मग फळीवर बी तुमीच चढा."

जीपमधली माणसं हसली. मीही हसलो. ती बाहेर बघत बसली.

पुढच्या पंधरवड्याला काट्याची बॅटरी सुधारायची निघाली. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. त्याच्या पुढच्याला काट्याचं वजन कमी करायचं होतं. तेव्हा तर सरांनी तिला विचारलंच नाही, मला बाहेर चहाच्या गाड्यावर विचारलं. मी हो म्हणालो.

फळीला पट्ट्या मारणं दोन दिवसांचं काम होतं. मी वेल्डर आहे. पट्टीचं लोखंड वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून होतं. एका रविवारी मी ते काढलंही. सर म्हणाले, "भाऊ, पंधरवड्याबाहेरचं काम करू नका. मग बोर्डाला अर्थ राहत नाही." मी लोखंड परत ठेवलं.

काटा खऱ्या फडावर चालवून बघायचा होता. मालकानं तिथं हजर पाहिजे, असं सर म्हणाले. तेव्हा मात्र तिचं मालकपण सगळ्यांना आठवलं. म्हणून दिवाळीनंतर ती हनुमानच्या टोळीसोबत गेली. दुसऱ्या काट्याची चौकट करायला मी मागं राहिलो. नुसतं उभं राहून काटा बघत बसणं तिला जमलं नाही. टोळीतल्या बायकांबरोबर तीही मोळ्या वाहू लागली. काटा फळीच्या पायथ्याशी ठेवला होता. मोळी त्यावर टेकवायची, वजन झालं की डोक्यावर घेऊन वर चढायचं.

तिच्या शेवटच्या मोळीचं वजन उज्ज्वलाच्या मोबाइलवर आलेलं आहे. त्रेचाळीस किलो, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. काटा बरोबर चालला.

तेरावं झाल्यावर मी वर्कशॉपवर गेलो. त्या दिवशी मागं वळून बघायची बैठक होती. पंधरवडा संपला की ती होते. काय चांगलं झालं, काय चुकलं, हे सगळ्यांनी मोकळेपणानं बोलायचं. सरांचे डोळे सुजलेले होते. ते म्हणाले, "चूक आपल्या सगळ्यांची आहे."

"सगळ्यांची म्हणू नका, सर," मी म्हणालो. "तुमी मला विचारलं आन् मी सांगितलं. दोघांची हाय."

 सर म्हणाले, "भाऊ, आता मालक तुम्ही व्हा."

मी झालो. कारण एकच होतं. मी फळीची चिठ्ठी काढून सगळ्यात वर लावली. सर हळूच म्हणाले की पुण्याच्या मंडळींना आणखी दहा काटे हवेत.

"मालक मी हाय ना, सर?"

"आहात."

"मग फळी."

सरांनी लगेच मान्य केलं. हेच ती चार वेळा म्हणाली असती तरी कुणी ऐकलं नसतं. माझं पहिल्याच वेळी ऐकलं. ते ऐकलं गेल्याचा मला राग आला. तो कुणावर काढावा हे कळलं नाही.

वरच्या टोकाची पकड मी दोन दिवसांत केली. चांगली झाली, ट्रकच्या कडेला घट्ट बसते. मग उज्ज्वलानं विचारलं, "काका, पट्ट्या किती अंतरावर मारायच्या?" चिठ्ठीवर फळी एवढाच शब्द होता. अंतराचं आम्ही तिला विचारलंच नव्हतं. मी वाळूचं पोतं डोक्यावर घेतलं, फळीवरून चाललो आणि पाऊल पडेल तिथं उज्ज्वलानं खडूनं खूण केली. त्या खुणांवर पट्ट्या मारल्या. चिठ्ठी 'झालं'च्या रकान्यात गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परत आल्या. मी फळी गावात आणली, एका उभ्या ट्रकला लावली आणि माझा गावातला दोस्त उत्तरेश्वर याच्या बायकोला, वनमालाला बोलावलं. ती आणि सत्यशीला शेवटपर्यंत एका टोळीत होत्या. तिनं कडब्याची भारी पेंढी डोक्यावर घेतली आणि चढायला लागली. तिसऱ्या पट्टीला तिचा पाय अडखळला. ती तशीच मागं पाय घेत खाली उतरली.

"काय झालं, वहिनी?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"एक नंबर हाय बे राम्या," उत्तरेश्वर म्हणाला. "हलत न्हाई, घसरत न्हाई. आमदाराला बोलव फीत कापायला."

"मी वहिनींना विचारलं."

"तिला काय कळतंय मापातलं?"

वनमाला पेंढीकडं बघत म्हणाली, "पाऊल गड्याचं हाय हे."

"म्हंजी?"

"डोक्यावर ओझं आसलं की आमचं पाऊल इतकं लांब पडत न्हाई, भाऊजी. साडीत पाय अडकतो. ताईनं तिथं फडात माप घेतलं होतं, उसाच्या कांडीनं. मला दावलं होतं. म्हणली, घरी गेले की ह्यांना सांगते."

"किती होतं?"

"आरं वीतभर कमी कर आन् सोड ना," उत्तरेश्वर मध्येच म्हणाला. "कशाला एवढं?"

"तू गप बे!"

मी ओरडलो. ट्रकजवळ बसलेली माणसं उठून उभी राहिली. उत्तरेश्वर माझ्या अंगावर आला. "माझ्या बायकूला माझ्यासमोर माप विचारतो आन् मलाच गप म्हणतो? तुझी गेली म्हणून सोडतोय. चल गं."

ती गेली. एकदा थांबल्यासारखी झाली, पण गेली.

त्यानंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा उत्तरेश्वर दारातच बसलेला होता. तिसऱ्यांदा उज्ज्वलाला पाठवलं. तिला चहा मिळाला आणि तासभर उत्तरेश्वरच बोलला. टोळीतल्या दुसऱ्या चार बायकांना फळीवर चढवून बघितलं. चौघींनाही पट्ट्या लांब पडतात, हे मला दिसतं. पट्ट्या काढून खडूनं खुणा करायला गेलो, तर माणसांसमोर त्या पाऊल आवरून टाकतात आणि दर खेपेला माप वेगळं येतं. किती लांब असं विचारलं की एक म्हणते आमच्या मालकांना विचारा, दुसरी म्हणते तुमीच ठरवा. त्या असं का म्हणतात हे मला माहीत आहे. मीच एका बाईला सतरा हंगाम तसं म्हणायला लावलं.

टीम आता पुढं गेली आहे. काट्यांचं काम चालू आहे. सकाळी साडेनऊला मी बोर्डासमोर उभा राहतो आणि माझी पाळी आली की अडचण सांगतो. सर ती लिहून घेतात. फळीची चिठ्ठी मी 'झालं'मधून काढून 'चालू'मध्ये आणून लावली आहे. 

टोळ्या दिवाळीनंतर निघतील. वरची पकड तयार आहे. नव्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. दोन पट्ट्यांमध्ये अंतर किती, हे अजून ठरलेलं नाही.