खुर्चीतून उठायचा डाव

हाताची घडी छातीवर ठेवायची, कशाचाही आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि परत बसायचं. हे कुणाला शिकवायची वेळ येईल असं सयाजी वस्तादाला कधी वाटलं नव्हतं. शिवाजी पेठेतल्या तालमीत त्यानं दोन पिढ्यांच्या पोरांकडून बैठका काढून घेतल्या होत्या. आता समोर त्याची बायको बनाबाई होती. तिच्या पोटात कॅन्सरची गाठ होती आणि दोन किमो होऊन गेले होते.

दुसऱ्या किमोनंतर पहिले काही दिवस ती अंथरुणालाच खिळली होती. म्हणून डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या होत्या, "तिसरा देण्याआधी मावशींची ताकद बघू. खुर्चीतून उठायला सांगू, मुठीत यंत्र देऊन दाबायला सांगू. अशक्तपणा जास्त असला तर औषध कमी करावं लागेल."

औषध कमी करणार म्हटल्यावर दोघंही धास्तावली. बनाबाईचा हिशोब सरळ होता. अर्ध्या औषधानं अर्धाच रोग जाणार, उरलेला अर्धा परत वाढणार. सयाजीलाही ते पटलं. मग त्यानं या तपासणीकडं कुस्तीसारखंच बघितलं, आणि कुस्ती म्हटली की डाव आला.

"पाय खुर्चीखाली वढून घे," तो म्हणाला. "आता छाती पुढं टाक. अजून. नाक गुडघ्याच्या पुढं गेलं पायजे."

"पडीन की मी तोंडावर."

"न्हाय पडत. बूड आपोआप उचलतंय बघ."

आणि खरंच उचललं. बनाबाई उभी राहिली आणि स्वतःच चकित झाली. "अगं आई. हे कसं झालं वो?"

"आपलंच वजन आपल्या कामाला लावायचं. ताकद लागतच न्हाय."

"मग एवढी वर्षं पोरांस्नी बदाम कशाला चारलासा?"

सयाजी हसला, पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. पैलवानाची ताकद जाते ती त्याला ओळखू येत होती. आधी मांड्या सुटतात, मग खांदे उतरतात, हे त्यानं कितीतरी जणांचं बघितलं होतं. बनाबाईचं तसं काही दिसत नव्हतं. ती चहा करत होती, भाकरी थापत होती, निदान तो घरात असताना तरी. मग गेलं काय आणि कुठून गेलं? त्यानं तिचं मनगट धरून बघितलं, दंड चाचपून बघितला.

"बाजारातली म्हस हाय व्हय मी?" ती म्हणाली.

मूठ दाबायची युक्तीही त्यानं सांगितली. कोपर बरगडीला चिकटवायचा, श्वास धरायचा, दात आवळायचे. आणि तालमीत सगळ्यात आधी शिकवतात ते शेवटी सांगितलं. "दम लागला तरी तोंड उघडायचं न्हाय. नाकानं श्वास घ्यायचा. समोरच्याला आपला दम दिसला की तो उरावर बसतोय."

सोमवारी दवाखान्यात बनाबाईनं शिकवलेलं तसंच्या तसं केलं. तोंड मिटून, झोका घेत ती उठली, बसली, उठली, बसली. यंत्र दाबताना तिच्या कपाळावरची शीर वर आली, पण चेहरा तिनं हलू दिला नाही. मॅडम खूश झाल्या.

"मावशी, मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्या आहात. मग पूर्ण डोस देऊया. मी रक्ताचा रिपोर्ट बघून येते."

त्या बाहेर गेल्या. सयाजीला कुस्तीचा फड मारल्यासारखं वाटलं. त्यानं पिशवीतली पाण्याची बाटली काढून बनाबाईच्या हातात दिली. तिचे ओठ सुकले होते. पण ती बाटली मांडीवर धरून नुसतीच बसली. जरा वेळानं पदराखालून तिनं ती हळूच त्याच्याकडं सरकवली.

"उघडा की."

सयाजीनं टोपण धरलं. ते एका बोटानंच फिरलं. रिक्षात तो स्वतः पाणी प्याला होता आणि टोपण सैलच लावलं होतं.

तो तिच्याकडं बघत राहिला. "कधीपासनं?"

"काय कधीपासनं?"

"हे टोपण."

"झालं की लई दिवस."

"मग घरात डबं कोण उघडतंय?"

"शेजारची अनुजा. तुम्ही तालमीत गेलासा की येती. पीठ मळून ठेवती, भांडी खालच्या फळीवर लावती. मी बसूनच आंघोळ करतो आता."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"समोरच्याला दम दाखवायचा न्हाय म्हणून तुम्हीच सांगतासा की."

"मी समोरचा हाय व्हय गं?"

बनाबाई पाणी प्यायली तेव्हा बाटली तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

सयाजी उठला. ती ओळखून म्हणाली, "गप बसा. पुरं औषध मिळतंय ते घालवू नका. मला बरं व्हायचंय."

त्यालाही तेच हवं होतं, म्हणून त्याचा पाय दारापर्यंत जाऊन अडला. औषध कमी झालं आणि रोग राहिला तर त्याचा दोष त्याच्या बोलण्यावर येणार होता. पण अंगात ताप असलेल्या पोराला त्यानं कधी आखाड्यात उतरवलं नव्हतं, कितीही मोठी कुस्ती असली तरी. आणि पोरं ताप लपवतात हेही त्याला माहीत होतं.

मॅडम आत आल्या तसा तो म्हणाला, "मॅडम, ही उठली ती माझ्या डावानं उठली. ताकदीनं न्हाय. हिला बाटलीचं सैल टोपणसुद्धा उघडत न्हाय."

मॅडमनी एकदा त्याच्याकडं, एकदा बनाबाईकडं बघितलं. रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची समोर ओढली आणि बनाबाईला पाठ ताठ ठेवून, झोका न घेता उठायला सांगितलं. ती एकदा उठली. दुसऱ्यांदा अर्ध्यातच खाली बसली.

"मावशी, पूर्ण डोस दिला असता तर पुढचा महिना तुम्ही अंथरुणात काढला असता, आणि चौथा किमो लांबला असता. तो लांबणं जास्त वाईट. थोडं कमी देऊ, पण वेळेवर देऊ. आणि काका, तो डाव घरी रोज करून घ्या. हळूहळू झोका कमी करत न्या. फक्त माझ्यासमोर नको."

तो किमो बनाबाईनं सोसला. चौथाही वेळेवर झाला, पाचवाही.

त्या सोमवारी मात्र औषध संपेपर्यंत ती सयाजीशी बोलली नाही. सलाईन निघाल्यावर दोघं बाहेरच्या बाकावर रिक्षाची वाट बघत बसली. सयाजीला राहवलं नाही.

"बने, एक सांग. उठताना पहिल्यांदा कुठं कळतंय? मांडीत का कमरेत?"

रस्त्याकडं बघतच ती म्हणाली, "मानेत."

"मानेत?"

"व्हय. केस गेलं, तर डोकं हलकं व्हायला पायजे का नको? उलट जड झालंय. संध्याकाळपतोर धरवत न्हाय. म्हणून तर भिंतीला टेकून बसतो मी."

सयाजीनं हे कुठल्या तालमीत ऐकलं नव्हतं. तो तिच्या मानेकडं नव्यानं बघायला लागला. "आणि मग?"

"मग बोटं. मग पाय. पाय शेवटी."

"मग आता मान धरू का जरा?"

"हितं नको. लोक म्हणतील, वस्ताद बायकोला चीत करायला निघालाय," ती म्हणाली. "रिक्षात धरा."

रिक्षा आली. सयाजीनं तिला आत बसवलं, शेजारी बसला आणि तिच्या मानेखाली तळहात दिला. बनाबाईनं डोळे मिटून डोक्याचं सगळं वजन त्याच्या हातावर सोडलं. ते खरंच जड होतं.