बाराच्या ठोक्याचे अश्रू

दुपारचे बारा वाजत आले तशी अंगणातली कुजबुज थांबली. गाड्यांची रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत लागली होती. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कुणी आजारी नातेवाइकाला चाकांच्या खुर्चीतून ढकलत आणलं होतं, आणि एक बाई तर आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला चादरीत गुंडाळून घेऊन आली होती. घर लाकडी, उंच खांबांवर उभं. त्याच्या मागच्या बाजूला, खांबांना लागून सिमेंटचा एक कोनाडा होता. त्यात हातभर उंचीची मारियामाता उभी होती, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या होत्या.

माता रडली. आधी उजव्या डोळ्याच्या कडेला ओल चमकली. मग थेंब धरला, गालावरून ओघळला आणि खाली ठेवलेल्या काचेच्या वाडग्यात पडला. मग डावा डोळा. लोक गुडघ्यावर बसले. कुणाचा तरी हुंदका फुटला.

“ही आई उगाच रडत नाही, लेकरांनो,” ब्रदर लुसियन म्हणाले. “गेल्या वर्षी नदी आली ती नुसती भेट द्यायला. आता ती राहायला येणार आहे.”

ब्रदरांचा सदरा पांढरा, पाय अनवाणी, आवाज मधात बुडवून काढलेला. कुठल्या चर्चचे, असं कुणी विचारलं की ते आकाशाकडे बोट दाखवत. पूर कधी येणार ते त्यांनी स्वतः कधीच सांगितलं नव्हतं. ते फक्त विचारत, “तुमचं मन काय म्हणतं?” मग गर्दीतून कुणीतरी घाबऱ्या आवाजात ‘गुड फ्रायडे’ म्हणे, आणि ब्रदर डोळे मिटून हळूच मान हलवत. लोकांची भीती लोकांकडूनच घ्यायची आणि भविष्य म्हणून त्यांनाच परत द्यायची, एवढाच त्यांचा धंदा.

मागच्या जिन्यावर फियोरेन्झा उभी होती. हे घर तिच्या आईचं. ती स्वतः लिझमोर गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मूर्ती रडत नसतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज बारा वाजता ती जिन्यावर येऊन उभी राहायची, कारण नदीचं नाव निघालं की तिच्यातली मास्तरीण कुठे पळून जायची ते तिलाच कळत नसे.

पुराला वर्ष होऊन गेलं होतं. त्या पहाटे पाणी जिना चढून वर आलं, व्हरांड्यात आलं, पलंगाला लागलं. फियोरेन्झाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला छपरावर ओढून घेतलं होतं. म्हातारीचा दंड तिने इतका घट्ट धरला होता की बोटांचे निळे वळ महिनाभर गेले नाहीत. उजाडल्यावर शेजारची बर्निस पत्र्याची होडी घेऊन आली आणि दोघींना उतरवून गेली. बर्निसचं स्वतःचं घर तोवर वाहून गेलेलं होतं. तेव्हापासून छपरावर पावसाचा पहिला आवाज झाला की फियोरेन्झाचे हात कापायचे. वर्गात शिकवत असली तर ती खडू खाली ठेवून हात खिशात घालायची.

पुरात गरम पाण्याची जुनी टाकीही गेली. वीज पिणारी, गंजकी टाकी ती. तिच्या जागी फियोरेन्झाने उष्णता-पंप बसवला. त्याला एक पंखा असतो, तो हवेतली ऊब ओढून टाकीतल्या पाण्याला देतो, आणि विजेचं बिल निम्म्याहून खाली येतं. पुन्हा पाणी चढलं तरी यंत्र बुडू नये म्हणून तिने ते भिंतीला उंच फळीवर ठेवून घेतलं, नेमकं मातेच्या कोनाड्याच्या वर. छपरावरच्या सौरपॅनेलांतून दुपारी भरपूर वीज मिळते, म्हणून ते दुपारीच चालेल असं तिनेच फोनवरून लावून दिलं होतं.

आईला, ओत्तावियाला, हे यंत्र कधीच पटलं नाही. पंख्यातून गार वारा येतो आणि नळाला ऊन पाणी येतं, म्हणजे यात काहीतरी लबाडी आहे, असं तिचं म्हणणं. “आग नाही, धूर नाही, आणि पाणी गरम! असली यंत्रं सैतानाच्या घरी असतात,” असं म्हणत ती रोज त्याच पाण्याने अंघोळ करायची.

पुरात बुडालेल्या घरांना आशीर्वाद देत फिरणारे ब्रदर लुसियन याच सुमारास दारी आले. घराच्या मागे एकट्याने प्रार्थना करायची आहे म्हणाले. आठवडाभरात माता रडायला लागली.

मग नियम आले. वाडग्यातलं पाणी रोज चमचाभर प्यायचं. औषधं बंद, कारण दोन धन्यांची चाकरी एकदम करता येत नाही. घरातलं काहीही हलवायचं नाही, भिंतीतला खिळासुद्धा नाही. आणि ज्या दिवशी अश्रू थांबतील त्या दिवशी नदी येईल.

ओत्तावियाचं हृदय थकलेलं होतं. अंगात पाणी साठू नये म्हणून तिला रोज एक गोळी घ्यावी लागे. तिने ती सोडली. दोन आठवड्यांत तिचे पाय पावाच्या पिठासारखे फुगले. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना ती दोनदा थांबू लागली. डॉक्टर समरवीरांनी फोनवर फियोरेन्झाला स्पष्ट सांगितलं होतं की पाणी फुप्फुसात गेलं तर आई बसल्या जागी बुडेल. ‘बुडेल’ हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. फियोरेन्झाला तो दिवसभर ऐकू येत राहिला.

त्या संध्याकाळी ती आईच्या पायांशी बसली आणि गोळी पुढे केली. ओत्तावियाने तिची मूठ मिटवली.

“फियोरा, तुला कळत नाही. नदीला या घरातलं माणूस हवं होतं. तू मला वर ओढून घेतलंस.”

“मम्मा, नदीला काही नको असतं. पाऊस पडतो, ती भरते.”

“मग माता कुणासाठी रडते? माझ्यासाठी. मी गेले की नदीचं मागणं फिटेल आणि पाणी येणार नाही. ब्रदर तोंडाने बोलत नाहीत, पण माझ्याकडे बघतात तेव्हा मला समजतं.”

आई मरायला घाबरत नव्हती. ती मरायची तयारी करत होती, आणि तेही लेकीला वाचवायला. घशाशी आलेलं पाणी फियोरेन्झाने पुन्हा एकदा अनुभवलं, या वेळी कोरड्या खोलीत.

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी अंगण ओसंडून गेलं. त्याच पहाटे सगळ्या राज्यात घड्याळं एक तास मागे घेतली होती, उन्हाळ्यापुरती तासभर पुढे केलेली वेळ संपली म्हणून. निम्म्या लोकांना ते आठवलंच नाही. ते जुन्या बाराला येऊन बसले. मूर्ती कोरडी. बायका घाबरून एकमेकींचे हात धरू लागल्या. ब्रदर मात्र फोनवर वेळ पाहून निवांत चहा पीत होते. तासभर गेला, नवे बारा वाजले आणि माता रडली.

बर्निस रोज आपली खुर्ची एकाच जागी मांडायची, पावसाच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत. आज खुर्ची तिथेच होती, पण सावली पुढे सरकलेली आणि बर्निसचा चेहरा उन्हात. कपाळावर आडवा हात धरून ती पुटपुटली, “मातेनंसुद्धा घड्याळ मागं घेतलं वाटतं.”

बर्निस गमतीने बोलली, पण फियोरेन्झा जागीच थबकली.

सूर्य तर घड्याळ मागे घेत नाही. नदी घेत नाही, गाय घेत नाही. सरकारचा हुकूम स्वर्गात जात असेल असंही नाही. मग या घरात आपोआप वेळ बदलणारं काय आहे? फोन. आणि फोनवर चालणारं यंत्र. तेवढ्यात तिला वरच्या फळीवरून पंख्याची घरघर ऐकू आली. रोज बाराच्या थोडं आधी ती घरघर सुरू होई, आणि रोज लोकांच्या प्रार्थनेत ती विरून जाई.

गर्दी पांगल्यावर ती शिडी लावून चढली. यंत्राचं अंग गार होतं आणि त्याला घाम फुटला होता. त्या घामाचं पाणी वाहून न्यायला एक बारीक नळी असते. ती खालच्या गटारात सोडलेली असायला हवी होती. ती वळवून कोनाड्याच्या मागे नेली होती आणि मूर्तीच्या डोक्यात खोचून केळीचे घड बांधायच्या सुतळीने आवळली होती. मातेच्या डोक्यावर पूर्वी ताऱ्यांचा मुकुट होता. तो पुरात गेला आणि त्याचं भोक राहिलं.

फियोरेन्झाचा हात नळी उपसायला पुढे झाला आणि थांबला. तिला सगळं समजलं होतं, तरी मनात एक बारीक आवाज म्हणाला, आणि खरंच पाणी आलं तर? त्या आवाजाची तिला लाज वाटली. मग वाटलं, माझ्यासारखीला असं वाटतं, तर आईला नुसतं सांगून काय होणार? हे तिच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं.

दुसऱ्या दिवशी नेमका पाऊस लागला. तरी छत्र्या घेऊन लोक आले. फियोरेन्झा जिन्यावर उभी राहिली आणि तिने सांगितलं की सकाळपासून तिने गरम पाण्याचं यंत्र बंद ठेवलं आहे, आज माता रडते का ते सगळ्यांनी मिळून पाहू.

ब्रदरांच्या आवाजातला मध आटला. देवाची परीक्षा घेणाऱ्यांचं काय होतं हे ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. ते ताबडतोब चालू कर, असंही म्हणाले.

“का?” फियोरेन्झाने विचारलं. “रडणारी माता आहे ना? तिला वीज कशाला लागते?”

बारा वाजले. मूर्तीचे डोळे कोरडे राहिले. पाऊस पत्र्यावर बडवत होता. कुणीतरी म्हणालं, आली, नदी आली, आणि दोघंतिघं गाड्यांकडे धावली. बर्निस तोंडावर हात घेऊन रडायला लागली. ओत्ताविया चिखलात गुडघे टेकून लेकीकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता, नुसती याचना होती. फियोरेन्झाने हात खिशात घातले होते. त्या अर्ध्या तासात तिने तीनदा कुंपणापलीकडच्या ओढ्याकडे पाहिलं. ओढा होता तिथेच होता.

मग तिने यंत्र चालू केलं. पंखा घरघरू लागला. थोड्या वेळाने, भलत्याच वेळी, मातेच्या डोळ्यात थेंब धरला.

कुणी गुडघ्यावर बसलं नाही. फियोरेन्झाने शिडी लावली, सुतळी कापली आणि नळी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. तिच्या टोकातून तसाच थेंब पडला, आणखी एक पडला. मूर्ती मात्र हळूहळू थांबली.

तिने काळ्या कॉफीचा कप आईच्या हातात दिला आणि तिला हात धरून शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढवलं. “तूच ओत, मम्मा.” म्हातारीने मातेच्या डोक्यातल्या भोकात कॉफी ओतली. क्षणभर काहीच झालं नाही. मग दोन्ही डोळ्यांतून तपकिरी धारा लागल्या. ओत्तावियाने घाईने खिशातल्या रुमालाने ते तोंड पुसलं, जसं लहान मुलाचं पुसतात तसं.

फियोरेन्झाने मग वर्गात सांगावं तसं सांगितलं. फ्रिजमधली बाटली बाहेर ठेवली की तिला घाम येतो, कारण हवेतली वाफ गार काचेवर पाणी होऊन बसते. हे यंत्र हवेतली ऊब काढून घेतं, म्हणून त्याचं अंग गार पडतं आणि त्यालाही घाम येतो. तो घाम पोकळ मूर्तीत जमतो. मूर्तीवर रोगणाचा थर आहे, त्यातून पाणी झिरपत नाही. पण पुराचा चिखल काढताना आईने तारेच्या घासणीने चेहरा घासला आणि डोळ्यांवरचं रोगण निघालं. पाण्याला बाहेर पडायला तेवढीच वाट राहिली.

ही सुतळी कुणी बांधली, एवढं एकच बर्निसने ब्रदरांना विचारलं. देवाचे मार्ग गूढ असतात, असं ते म्हणाले. गर्दीने त्यांना मुकाट्याने वाट करून दिली. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी पायांत बूट घातले.

ओत्तावियाने त्या दिवशी गोळी घेतली, पण घरी भागलं नाही. डॉक्टर समरवीरांनी तिला इस्पितळात ठेवून घेतलं. गुड फ्रायडेला ती खाटेवर बसून मासा खात होती आणि त्यात मीठच नाही म्हणून नर्सला बोलत होती. पाऊस चार दिवस पडला. नदी थोडी चढली, पुलाखालून गढूळ वाहिली आणि उतरली.

नदी पुन्हा कधीतरी मोठी होईल. फियोरेन्झा हे कुणापासून लपवत नाही. पाऊस लागला की ती नदीच्या पातळीचे आकडे बघते, आईची औषधं आणि कपडे पिशवीत भरून ठेवते, बर्निसला फोन करते. हात अजून कापतात. भिणं हा काही गुन्हा नव्हे. पाणी छातीपर्यंत आलेलं ज्याने पाहिलंय तो भिणारच. पण भ्यालेल्या माणसाच्या दाराशी कुणी चमत्कार घेऊन आला, आणि काही हलवू नका, काही विचारू नका म्हणाला, तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याला एवढंच विचारावं: “थोडा वेळ बंद करून पाहू का?”