रोज चारला ओल

हौसरावांच्या छातीत शिरूरच्या डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली आणि न्हावऱ्याला परत आल्या दिवशी सारजाबाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं. डॉक्टर म्हणाले होते, हिंडाफिरायचं, फक्त दगदग नको. त्यातलं 'दगदग नको' एवढंच सारजाबाईंच्या कानात शिरलं. हौसराव चप्पल शोधायला उठले की ही बाई दारात उभी. कुठं निघालात, काय काम हाय, दत्ता करंल की. आता दत्ता, म्हणजे त्यांचा मुलगा, सकाळी सातला कंपनीत जायचा तो दिवस मावळल्यावर उगवायचा. तो काय करणार, कपाळ? पण बोलणार कोण.

दोन महिने माणूस ओट्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांच्या वेळा तोंडपाठ झाल्या. त्यातही मोठं दुःख म्हणजे मेंढीकोट सुटला. घरापासून किलोमीटरभर लांब मळ्यात त्यांची कांद्याची चाळ, चाळीला खेटून आण्णाची वस्ती, आणि तिथल्या लिंबाखाली वीस वर्षं रोज चारला पत्त्यांचा डाव बसायचा. हौसराव आणि आण्णा एका बाजूला, विनोद टेलर आणि रिटायर झालेले गुरुजी दुसऱ्या बाजूला. चारी दश्श्या ज्यांनी ओढल्या त्यांचा कोट. पैसा नाही, पाणी नाही, नुसती इज्जत. हौसराव नाहीत म्हटल्यावर बाकीचे तिघं शेंगा खाऊन उठायचे.

मग चाळीत डबी आली. सून धनश्री इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. गेल्या साली निम्मा कांदा ओलीनं सडला, म्हणून यंदा तिनं चाळीला पंखे लावले आणि त्यांच्यावर राखण करायला ही डबी बसवली. हवेत ओल वाढली की डबी भोंगा वाजवायची, पंखे बंद करायची, घरातल्या फोनवर बोंब मारायची आणि तिथंच अडून बसायची. कुणीतरी चाळीत जाऊन तिचं हिरवं बटन दाबेपर्यंत पुढचं काही करायची नाही. दत्ता म्हणाला, पंखे बंद कशाला, उलट जोरात फिरव. धनश्री म्हणाली, बाहेर पाऊस असला तर पंखा तीच ओल आत ओढणार. ओल कुठून आली ते डबीला कळत नाही, माणसाला कळतं, म्हणून माणूस येईपर्यंत तिनं थांबायचं.

पण दुपारचं जाणार कोण? दत्ता कंपनीत, धनश्री धारा काढायला, सारजाबाई दूध घालायला डेअरीत. पहिल्यांदा डबी बोंबलली तेव्हा डेअरीला निघालेल्या सारजाबाईंनी नाइलाजानं नवऱ्याच्या हातात काठी दिली. सावकाश जायचं, बटन दाबायचं आणि सरळ माघारी यायचं, असं तीनदा बजावलं.

हौसरावांनी चाळ बघितली, पत्र्यातून गळत होतं तिथं पोतं कोंबलं, बटन दाबलं. तेवढ्यात आण्णा आला. हे काय नवीन, म्हणून डबीवर वाकला. त्याला तिच्यावर धूळ दिसली. चष्मा पुसायच्या आधी माणूस 'हाऽऽ' करतो तसं त्यानं केलं, आणि भोंगा बोंबलला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. वीस वर्षं एका बाजूनं खेळलेली माणसं, त्यांना बोलायला लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून न्हावऱ्याच्या त्या एका चाळीत रोज चारला ओल येऊ लागली. फाट्यावर चारच्या एसटीनं हॉर्न दिला की आण्णा उठायचा, डबीवर फुंकर मारायचा आणि घोंगडी अंथरायचा. इकडं घरात फोन बोंबलायचा. हौसराव कपाळाला आठ्या घालायचे, या मशीनच्या नानाची टांग म्हणायचे, गुडघे धरून कण्हत कण्हत उठायचे. वळणापर्यंत काठी टेकत जायचे. वळणाच्या पुढं काठी बगलेत.

तासाभरानं परत आले की तेवढंच कण्हायचे. सारजाबाई पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आणि त्या डबीला शिव्या घालायच्या. हौसरावांना थोडं वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण त्या दिवशी कोट लागलेला असला तर तेवढंही वाटायचं नाही.

एकदा चहा देताना धनश्री म्हणाली, "आप्पा, तुम्हाला रोजचाच तरास हाय. मी बटन मोबाईलवर देऊ का? बसल्या जागेवर दाबा."

हौसरावांनी बशी खाली ठेवली. ओल माणसाच्या डोळ्यांनाच कळते, तूच म्हणाली होतीस की, असं म्हणत त्यांनी सुनेला तिचीच शिकवण अर्धा तास ऐकवली. ती हसली आणि बरं म्हणाली. हौसरावांना वाटलं, पोरगी भोळी आहे.

महिन्यानं शिरूरला तपासणी झाली. डॉक्टरांनी वजन बघितलं, रिपोर्ट बघितला आणि खूश होऊन म्हणाले, काय करताय ते चालू ठेवा. सारजाबाई येताना एसटीत खिडकीबाहेर बघत बसल्या. एरवी न्हावरं येईपर्यंत त्यांचं तोंड मिटत नसे.

आणि नेमका आण्णा वरवंडला निघाला. लेकीच्या पोराचं जावळ होतं, आठ दिवस मुक्काम. आता फुंकर मारणार कोण? विनोदच्या तोंडाला बटन नाही, फुंकर मारायच्या आधी गावभर सांगेल. गुरुजी तत्त्वाचे. फुंकर मारणं हा खोटेपणा, तो आपण करणार नाही, असं ते सांगायचे आणि त्या फुंकरीवर रोज डाव खेळायचे. त्यात चौथा गडीच नाही म्हटल्यावर भोंगा वाजून तरी काय उपयोग? हौसराव मुकाट ओट्यावर बसले. तीनच्या सुमाराला सारजाबाई मारुतीला जाऊन येते म्हणून गेल्या. हौसरावांना वाटलं, झालं, परत आपण आणि एसट्या.

चारच्या गाडीनं हॉर्न दिला आणि घरात फोन बोंबलला.

हौसराव ताडकन उठले. आण्णा वरवंडला, म्हणजे ही खरी ओल. तीनशे पिशवी कांदा होता चाळीत. या वेळी कण्हायचं राहिलं, काठी राहिली, माणूस तरातरा निघाला. गोठ्यातून धनश्रीनं सावकाश जा म्हणून सांगितलं तेही त्यांना ऐकू आलं नाही.

चाळीत शिरून त्यांनी कांद्यात हात घातला. कांदा खडखडीत. पत्रा कोरडा, जमीन कोरडी. भोंगा मात्र चालूच. ते बाहेर आले आणि जागेवर थिजले. लिंबाखाली घोंगडी अंथरलेली. विनोद आणि गुरुजी मान खाली घालून, कॉपी करताना सापडलेल्या पोरांसारखे बसलेले. आणि आण्णाच्या जागेवर, पदर खोचून, पत्ते पिसत सारजाबाई.

सारजाबाईच बोलल्या.

"फुंकर म्या मारली, विनोदनं दावली तशी. सूनबाईनं मोबाईलात ओलीची रेघ दाखवली मला. रोज चारला उभी. ओल काय घड्याळ लावून येती व्हय?"

"मग बोलली न्हाईस ती."

"बोलणार हुते. पर डॉक्टर म्हनला, करताय ते चालू ठेवा. आता आण्णा वरवंडला गेला म्हनून ते बंद पडू देऊ?"

हौसरावांनी विचारलं, तुला मेंढीकोट कुठं येतो? सारजाबाईंनी पत्ते वाटता वाटता सांगितलं, माहेरी इनामगावला चार भावांत खेळून मोठी झाले, चाळीस वर्षांत तुम्ही कधी विचारलं? हौसराव गुमान समोर बसले.

तिसऱ्या हाताला सारजाबाईंनी गुरुजींची किलवर दश्शी हुकमानं कापली. हौसराव बघतच राहिले. वीस वर्षांत आण्णाला जे धाडस झालं नव्हतं ते या बाईनं पापणी न हलवता केलं. दुसरी दश्शी आली, तिसरी आली. गुरुजींना घाम फुटला.

तेवढ्यात हौसरावांच्या खिशात फोन वाजला. पलीकडं धनश्री. "आप्पा, पत्ते चालू द्या, पर आधी बटन दाबा. हितं फोन बोंबलून बोंबलून म्हस दूध चोरायला लागलीया."

हौसराव ओशाळले आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. सारजाबाईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं.

"बसा गुमान," त्या पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाल्या. "बटन दाबलं की घरी जायाला लागतंय."