कान लावून निवडलेली कलिंगडं

कलिंगड निवडण्यात माझा हात धरेल असं वारज्यात कुणी नाही. हे मी स्वतःच सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत वाट बघायची मला सवय नाही. भीमजयंतीला आमच्या विहाराबाहेर मिरवणुकीतल्या लोकांना आम्ही कलिंगडाच्या फोडी वाटतो आणि ती कलिंगडं दर वर्षी मार्केट यार्डातून मीच आणते. फळ उचलायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं, कान लावायचा आणि म्हणायचं, "हे." माझ्या 'हे'वर महिला मंडळात अपील नाही.

गेल्या वर्षी मात्र दोन फळं पांढरट निघाली. मंडळाची सेक्रेटरी प्रियदर्शनी बँकेत अधिकारी आहे आणि विसरणं तिच्या स्वभावात नाही. यंदाच्या बैठकीत तिनं मोबाईल पुढे करून मला काहीतरी विचारलं. मी मान डोलावली. बैठकीला बरोबर आलेली सून घरी आल्यावर म्हणाली, "आई, चिरलेल्या फळांचे डबे मागवायला तुम्ही चक्क हो म्हणालात?"

झालं! प्रियदर्शनी काय बोलली ते मला ऐकूच आलं नव्हतं. वर्षभर माझे कान उतरत चालले होते आणि घरातसुद्धा मी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. दोनदा 'काय?' विचारलं की माणसं तुम्हाला सोडून तुमच्या सुनेशी बोलायला लागतात. माझ्या सासूबाईंचं तसंच झालं होतं. कान गेल्याचं कळलं की कलिंगडंही गेली, मग मी खुर्चीत बसून नुसत्या टाळ्या वाजवायच्या. ते मला मुळीच नको होतं. प्रियदर्शनीला मेसेज टाकला, "डबे रद्द कर. एक जरी फळ फिकं निघालं तर पुढच्या वर्षीपासून तू म्हणशील ते."

उत्तर आलं, "लेखी दिलंत, बरं झालं."

जयंतीच्या आदल्या दिवशी सुनेला, म्हणजे कल्याणीला, घेऊन मार्केट यार्ड गाठलं. पहिलं कलिंगड वाजवलं, कान लावला. काही नाही. दुसरं, तिसरं, तेच. भिंतीला कान लावल्यासारखं वाटलं. पण हात थांबेनात. त्यांनी चौथं फळ उचललं आणि परत ठेवलं. का ठेवलं? आकाराच्या मानानं हलकं होतं. पाचवं उलटं केलं, तर जमिनीला टेकलेली बाजू पांढरी. नको. शेजारच्याची तीच बाजू लोण्यासारखी पिवळी, देठ वाळलेला, सालीला चकाकी नाही, उचलायला जडशीळ. हे! मला हसूच फुटलं. इतकी वर्षं राबत होते डोळे आणि हात, आणि शाबासकी खात होता कान. तरी मी वाजवत राहिले. लोक बघत होते ना.

तेवढ्यात कल्याणीनं माझ्या दंडाला धरून मला खेचलं. हमालाची हातगाडी पाठीला घासून गेली. तो केव्हाचा "बाजूला, बाजूला" ओरडत होता म्हणे. कल्याणी माझ्या समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "आई, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

"किती हा गोंगाट इथे," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि कलिंगडं टेम्पोत चढवायला लागली.

विहाराच्या हॉलमध्ये थंड फरशीवर मी ती एकमेकांना न टेकवता मांडली. केळ्यांची टोपली उचलून दुसऱ्या खोलीत नेली, कारण केळ्यांशेजारी कलिंगड लवकर उतरतं. प्रियदर्शनी सुरी घेऊन आलीच, आत्ताच चिरून ठेवू म्हणजे उद्या धावपळ नको म्हणून. ती सुरी मी कपाटात टाकून कुलूप लावलं. रात्रभर राहिलेल्या फोडी पाणी सोडतात आणि मऊ पडतात. जयंतीला लोकांच्या हातावर लगदा ठेवायचा का?

सकाळी एकेक फळ घासून धुतलं, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. मग पहिलं चिरलं. लालभडक. दुसरं तसंच. सगळी चिरून झाली, फोडी बर्फावरच्या पातेल्यांत झाकून झाल्या, पण फिकं म्हणून एक निघालं नाही. मिरवणूक आली तशी पातेली रिकामी व्हायला लागली.

प्रियदर्शनीनं माईक घेतला. माझ्याकडे हात करून काहीतरी बोलली आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. कल्याणीनं माझ्या समोर येऊन सांगितलं, "म्हणतायत, शैलाताईंचा कान म्हणजे कान!" आणि कालच्यासारखीच बघत राहिली.

मला माझाच संताप आला. मी जिंकले होते, हक्कानं जिंकले होते, आणि तरी चोरासारखी उभी होते. पुढे झाले आणि माईक ओढून घेतला.

"कान नाही," मी म्हटलं. "कान गेलेत माझे. वर्ष झालं. ही कलिंगडं डोळ्यांनी आणि हातांनी निवडली आहेत, आणि पुढच्या वर्षीही मीच निवडणार."

टाळ्या थांबल्या. प्रियदर्शनीचे ओठ हलले. सवयीनं मान डोलवणार होते, ती मी थांबवली.

"काय?" मी विचारलं. "मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही मला."

ती कल्याणीकडे वळली नाही. माझ्याजवळ आली आणि कानाशी तोंड नेऊन अशी ओरडली की पार कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं असेल, "अहो, म्हणजे वर्षभर मी तुमच्याशी भांडले, ते सगळं फुकट गेलं?"

"सगळं," मी म्हटलं. "आता पहिल्यापासून भांड."