शेवटच्या बाकापर्यंत

‘मुलं तुमची थट्टा करत होती का?’ मुख्याध्यापिकेनं पत्रात विचारलं होतं, आणि नेमकं याचंच उत्तर ग्रंथपालांना देता येत नव्हतं. पत्र शब्दकोशात ठेवलेलं होतं. शब्दकोश रोज लागायचा, त्यामुळे पत्रही रोज दिसायचं. ग्रंथपाल पान उलटायचे.

निवृत्तीनंतर ते परदेशातल्या एका गरीब वस्तीच्या शाळेत वर्षभर बिनपगारी शिकवून आले होते. निघताना अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, म्हणाली होती, “बाळ्या, तुझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, आणि तू समुद्रापलीकडे निघालास होय?” खोटं नव्हतं. वाचनालयात लोकांना ‘हळू बोला’ सांगण्यात जन्म गेलेला. त्यात त्यांचा स्वतःचाच आवाज आत ओढला गेला होता.

शाळा म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, मधोमध प्लायवूडची आडभिंत. पलीकडे पाढ्यांचा गजर चालायचा. अलीकडे ग्रंथपाल वर्गातलं एकुलतं एक पुस्तक हातात धरून वाचायचे, आणि वाचलेलं पहिल्या बाकाच्या पुढे जायचं नाही. मुलांनीच तोड काढली. वाक्य संपलं की पहिला बाक मागे वळायचा आणि दुसऱ्याला ते सांगायचा, दुसरा तिसऱ्याला. शेवटच्या बाकावरची उंच मुलगी उभी राहून मिळालेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हणायची. बहुतेकदा पदरचं काहीतरी घालून.

एकदा त्यांनी वाचलं, “म्हातारा रोज नदीवर जायचा.” मुलगी उठली. “म्हातारा रोज नदीवर जायचा, पण त्याला पोहता येत नव्हतं.”

वर्ग खदखदून हसला. तेही हसले, पण कान तापले होते. परतताना सामानाबरोबर हा प्रसंगही त्यांनी नीट घडी घालून आणला.

आणि आता हे पत्र. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंचा आवाज मोठा होता, तरी मुलं दर वाक्याला मागे वळत. ही खोड जुन्या सरांना चिडवण्यासाठी लागली, ती मोडायलाच हवी, असं बाईंचं म्हणणं. मुख्याध्यापिकेनं लिहिलं होतं, ‘तसं असेल तर बंद करू. तुम्हीच सांगा.’

नाही म्हणावं, तर खात्री नव्हती. हो म्हणावं, तर हात धजेना.

दुपारी ते अक्काला गोष्ट वाचून दाखवत. तिला ऐकू कमी यायचं. डोळे मिटून ती पडून राहायची, आणि ती झोपली असं समजून ते स्वतःपुरतं वाचत राहायचे. त्या दिवशी गोष्ट एका घड्याळजीची होती. दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ न्यायला कोणी येत नाही, आणि तो रोज त्याला किल्ली देतो.

संध्याकाळी ते चहाचे कप विसळत होते. गॅलरीतून अक्काचा आवाज आला. समोरच्या वहिनींना ती तीच गोष्ट सांगत होती. दुकानाच्या फळीचा रंगसुद्धा सांगायचा सुटला नव्हता. “आणि शेवटी गं, तो ते घड्याळ आपल्याच मनगटाला बांधतो.”

ती आत आल्यावर ते म्हणाले, “अक्का, असं त्यात नाहीये.”

“ठाऊक आहे. मीच बांधलं. बिचाऱ्यानं किती दिवस नुसती किल्ली द्यायची?”

“मला वाटलं, तू झोपतेस.”

“तू पुटपुटतोस, मग झोपून कसं चालेल? टीव्ही एवढा कोकलतो, त्यातलं सांग बघू मला एक वाक्य.” तिनं त्यांच्या हातातला कप घेतला. “हा विसळलास की नुसता दाखवलास पाण्याला?”

रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी पत्र लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर उतरलं ते असं: ‘थट्टा होती की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. असली तर असू दे. पण पोहता न येणारा माणूस रोज नदीवर का जात असेल, हे त्या मुलीमुळे मी पहिल्यांदा मनात आणलं. पुस्तक माझ्या हातात होतं, तरी मला ते सुचलं नव्हतं. मला पुन्हा येता येईलसं दिसत नाही, बहिणीला आता एकटं ठेवता येत नाही. मुलांचं मागे वळणं बंद करू नका.’

सकाळी पोस्टात रांग होती. काचेआडच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, “कुठं पाठवायचंय?”

ग्रंथपालांनी सांगितलं.

“काय? मोठ्यानं बोला, आजोबा.”

त्यांनी पुन्हा सांगितलं. काचेवर थोडी वाफ तेवढी उमटली.

मागे भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. ती त्यांच्या खांद्याशी वाकली, पाकिटावरचा पत्ता तिनं वाचला आणि काचेतल्या भोकाशी तोंड नेऊन म्हणाली, “परदेशी पाठवायचंय, म्हणतायत. आणि लवकर पोचायला हवं, कुणीतरी वाट बघतंय.”

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं. “असं का, आजोबा?”

ते असं काही म्हणाले नव्हते. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि पाकीट काचेखालून आत सरकवलं.